खमीर घरी ठेवून या

मला ताईंचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. त्या रिटायर होऊन खाडीकाठच्या आपल्या गावी गेल्या, आता घरासमोर बसून नातवंडांना दटावत असतील. आणि मी इथे महापेच्या लॅबमध्ये त्यांच्या स्टुलावर बसून त्यांच्यावर जळते. स्टूलसुद्धा त्यांच्याच मापाचं. त्यांचे पाय जमिनीला टेकायचे, माझे लोंबतात.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. माणसाच्या अंगावरची साधी पेशी घ्यायची, कातडीची म्हणा किंवा रक्तातली, आणि तिला मागे न्यायचं. इतकं मागे, की आपण कातडी आहोत हे तिचं तिलाच माहीत राहू नये. मग ती मूळपेशी होते आणि तिच्यापासून काय वाटेल ते बनवता येतं. मी यात पुण्याला पीएचडी केली, वर दोन वर्षं परदेशात काढली. ताई पनवेलच्या कॉलेजातल्या बी.एस्सी., सेकंड क्लास. पेशी मात्र त्यांच्याच हातात वाढायच्या. माझ्या हातात मरायच्या.

पहिल्या दिवशी मी कल्चर रूमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीच्या, दाराशी पोचले तेव्हा एक पन्नाशीच्या बाई बाकावर बसून डोक्यातला अबोलीचा गजरा काढत होत्या. काढला, खुंटीला लावला, आणि मला आपादमस्तक न्याहाळून म्हणाल्या, "काल डोशाचं पीठ वाटलंस काय?"

मला वाटलं, झाडलोट करणाऱ्या मावशी आहेत. म्हटलं, "नाही हो मावशी."

"इडली? ढोकला? घरी कोन पाव भाजतं?"

"नाही."

"मंग जा आत. हात कोपरापर्यंत धू." मी दारातून आत गेले तर त्या मागोमाग आल्या, पांढरा कोट चढवला आणि सगळ्यात चांगल्या मायक्रोस्कोपसमोर जाऊन बसल्या. मला तेव्हाच राग आला होता, खोटं कशाला बोलू?

दारावर इंग्रजीत छापलेले बारा नियम होते. त्यांच्याखाली ताईंनी स्वतःच्या हाताने मराठीत एकच ओळ लिहून चिकटवली होती: 'खमीर घरी ठेवून या.' तपासणीला पाहुणे यायचे असले की डायरेक्टर सर तो कागद काढायला लावायचे. पाहुण्यांची गाडी गेटबाहेर पडायच्या आत तो परत दारावर असायचा. त्यात तथ्य होतं म्हणा. आंबवलेल्या पिठातलं यीस्ट हाताला, मनगटाला, केसांना चिकटून येतं आणि पेशींच्या गोडसर खुराकात पडलं की दोन दिवसांत सगळी प्लेट खाऊन टाकतं. तरी पीएचडी झालेल्या माणसाला रोज दारात अडवून डोशाबद्दल विचारायचं म्हणजे काय? मला तो शुद्ध अपमान वाटायचा.

आणि अक्षर! वायल म्हणजे आमची पेशी गोठवायची बाटली, करंगळीच्या दोन पेरांएवढी. तिच्या झाकणावर ताई सुईने कोरल्यासारखं लिहायच्या. माझं अक्षर बघून एकदा म्हणाल्या, "काय ग बाय, कोंबरी नाचली?" सगळी लॅब हसली. रजिस्टरमध्ये माझं काही चुकलं आणि मी गिरगटून खोडलं, तर वही हातातून ओढून घेतली. "असं नाय खोरायचं. एक रेघ मार, सरल. खालचं वाचता आलं पायजे. बाजूला सही कर. चूक लपवायची नाय." हा नियम सगळ्याच लॅबमध्ये असतो, मला काय माहीत नव्हता? पण त्या सांगायच्या तेव्हा तो त्यांच्या आजीने घालून दिल्यासारखा वाटायचा.

त्यांच्या तऱ्हा सांगायच्या तर किती सांगू. पेशींना रोज नवा मीडिया, म्हणजे त्यांचा तो खुराक, घालावा लागतो. आम्ही त्याला फीडिंग म्हणतो, ताई जेवण म्हणायच्या. गणपती असो, शिमगा असो, घरात लग्न असो, या बाई खाडीवरून रिक्षा करून येणार आणि जेवण घालून जाणार. पिपेटमधून थेंब सोडताना ओठांतल्या ओठांत आकडे मोजायच्या. "पेशीवर नको ओतू. भिंतीवरून सोर, आपसूक येल." 'फेल' हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "फेल नाय झालं, येल लागतोय." मी दर तासाला इन्क्युबेटर उघडून बघायची, तर त्यांनी आपलं स्टूलच त्याच्या दाराला लावलं आणि वर बसून सुक्या बोंबलाच्या कालवणाबद्दल बोलत राहिल्या. "उघरू नको. थंडी वाजते त्यांना." एवढं होऊन सर मलाच म्हणायचे, "जरा ताईंकडून शिका." ऐरोलीच्या घरी आले की मी नवऱ्याला हे सगळं साग्रसंगीत ऐकवायची. तो एकदा म्हणाला, "अगं, तुझ्या तोंडी त्या ताईंशिवाय दुसरं काही नसतंच." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग ती मुलगी आली. म्हणजे तिच्या पेशी आल्या. आठ वर्षांची, तळोज्याची, शाळेत दोनदा चक्कर येऊन पडलेली. हृदयाचे ठोके मध्येच चुकायचे आणि कोणतं औषध द्यावं हे डॉक्टरांना ठरवता येईना. तिचे वडील न्हावा शेव्याला कंटेनरच्या कस्टमचे कागद करून देतात. रायगडचे कोकणी मुसलमान, बोलायला एकदम मऊ. त्यांना लॅब दाखवायला आणलं तेव्हा मी स्लाइड लावून वीस मिनिटं समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि एक जांभई गिळली. बाहेर आल्यावर ताईंना विचारलं, "ताई, नक्की करता काय तुम्ही?"

"भाई, पोरीच्या कालजाचा तुकरा कापता येतो का? नाय ना. म्हनून दंडाची कातरी घेतली, डालीएवरी. पोर आईच्या पोटात होती तवा त्याच पेशीला काय पन होता येत होतं. मंग ती कातरी होऊन बसली. आमी तिच्यात चार जीन सोरतो आनि तीन आठवरे वाट बगतो. लई थोर्‍या मागं जातात. त्या उचलायच्या आनि त्यांना कालीज व्हायला शिकवायचं."

"आणि ते धडधडतं?"

"प्लेटमदी धरधरतं. डोल्यानं दिसतं. मंग औषध आदी त्याच्यावर टाकून बगायचं, पोरीवर नाय."

त्या माणसाचे डोळे भरून आले. माझ्या वीस मिनिटांत जे झालं नाही ते त्यांच्या चार वाक्यांत झालं. पुढच्या खेपेला ते ताईंसाठी घरची सांदणं घेऊन आले, स्टीलच्या डब्यात. तांदळाची, आंबवून वाफवलेली. ताईंनी डबा आत येऊ दिला नाही; गेटवर वॉचमनच्या खुर्चीत बसून तीन सांदणं खाल्ली, बोटं चाटली, आणि त्या दिवशी स्वतः कल्चर रूममध्ये पाऊल टाकलं नाही. दिवसभर बाहेर बसून मला काचेतून खुणा करत होत्या, की मनगट झाक, मनगट झाक. ग्लोव्ह कोटाच्या बाहीवर ओढायचा मला नेहमी कंटाळा.

सरांनी मुलीच्या पेशी आम्हा दोघींना निम्म्या निम्म्या वाटून दिल्या. कुणाच्या तरी येतील, असं म्हणाले. मी मनाशी म्हटलं, माझ्याच येणार. नुसतं म्हटलं नाही, देवाला नारळ बोलले. आमच्याकडे पद्धत अशी: प्लेटवर फक्त पेशंटचा नंबर असतो. मागे गेलेल्या पेशींचा ठिपका, म्हणजे कॉलनी, उगवली की ती मायक्रोस्कोपखाली हाताने उचलायची, वाढवायची आणि गोठवायची. गोठवताना वायलवर उचलणाऱ्याच्या नावाची अक्षरं लागतात. ती अक्षरं कायमची. जगात कुठेही ती पेशी गेली तरी तुमचं नाव घेऊन जाते. मला ती अक्षरं हवी होती. मुलगी बरी व्हावी असंही वाटत होतं, पण अक्षरं आधी हवी होती, हे आता कबूल करते.

अठरा दिवस झाले, माझ्या प्लेटमध्ये काही नाही. नुसती कातडीच्या पेशींची दाटी. माझा संयम संपला. शुक्रवारी संध्याकाळी प्लेटा उचलल्या आणि फेकायच्या ट्रेमध्ये ठेवून घरी गेले. सोमवारी येऊन बघते तर इन्क्युबेटरमधल्या ताईंच्या खणात दोन प्लेटा, आणि त्यांत कॉलन्या! चपट्या, कडा धारदार, आत पेशी अगदी खेटून बसलेल्या. पुस्तकात छापाव्यात अशा. मी मायक्रोस्कोपवरून डोकं वर काढलं. ताई माझ्याकडे बघत होत्या. काहीतरी बोलणार होत्या बहुतेक. मी खुर्ची सरकवून सरळ चहाला निघून गेले.

पुढचे दोन आठवडे मी त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाही. त्यांनी कॉलन्या उचलल्या, वाढवल्या, रोज जेवण घातलं. मी लांबून बघायची.

आणि मग त्यांच्या भाचीची हळद आली. त्यांच्या गावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी, रविवारभर. मी तिथे असताना पहिल्यांदाच ताईंनी एक दिवस मागितला, आणि तोही ऑफिसात नाही, माझ्याकडे. ड्युटीच्या तक्त्यावर रविवारी नाव त्यांचंच होतं. शनिवारी मला म्हणाल्या, "बाय, उद्याच्याला माज्या प्लेटा बगशील? फक्त जेवन बदल, बाकी हात लावू नको." मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

रविवारी सकाळी नवऱ्याने डोसे मागितले. शनिवारीच पीठ वाटून ठेवलं होतं, छान फुगलं होतं. मी हाताने कालवलं, डोसे घातले, हात धुतले आणि निघाले. वाटेत ताईंचा फोन आला. मागे डीजे वाजत होता, त्या ओरडूनच बोलत होत्या. "बाय, पीठबीठ नाय ना वाटलंस?"

"नाही हो ताई," मी म्हटलं.

मुद्दाम केलं का? नाही. त्यांच्या प्लेटा नासाव्यात म्हणून मी पीठ कालवलं नव्हतं, शप्पथ. पण त्यांच्या त्या प्रश्नाला 'हो' म्हणायचं, परत वळायचं आणि त्यांचं बरोबर होतं हे मान्य करायचं, ते मला जमेना. पीएचडी मी होते. आत गेले, ग्लोव्ह घातले, मनगट उघडंच. प्लेटा बाहेर काढल्या, मीडिया बदलला. त्या कॉलन्या इतक्या सुंदर वाढल्या होत्या की मी नंतर बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसले.

मंगळवारी प्लेटा गढूळ झाल्या. ताईंनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि खूप वेळ काढला नाही. त्या उठल्यावर मीही बघितलं: यीस्ट, मण्यांच्या माळा पसराव्यात तसं. सर धावत आले. तक्ता बघितला. "रविवारी तुम्हीच होतात ना, ताई?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मी खाली फरशीकडे बघितलं.

"पलेट माजी," ताई म्हणाल्या, "म्हंजे जबाबदारी माजी."

सरांच्या तोंडून मग नको ते निघालं. घरी मासळीचा धंदा, हात किती धुतले तरी काय उपयोग, असं काहीतरी. सगळ्यांदेखत. बिघाडाच्या रजिस्टरमध्ये सरांनी स्वतः लिहिलं: कारण, हातांची अस्वच्छता. आणि पुढच्या रकान्यात ताईंचं नाव. दुसऱ्या दिवसापासून ताई कल्चर रूमच्या बाहेर. काचसामान धुण्याच्या खोलीत. रिटायर व्हायला आठ महिने होते.

मी खरं काय ते सांगितलंच नाही. मला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली, सांगायलाही घाण वाटतं, बरंही वाटत होतं.

आठवड्याने सर मला म्हणाले, नव्याने सुरुवात करा. नव्याने म्हणजे पोरीच्या दंडाला परत चिमटा. मी धुण्याच्या खोलीत गेले. ताई गरम वाफेत उभ्या राहून बाटल्या लावत होत्या, गजरा डोक्यातच. तिथे काढायची गरज नव्हती.

"ताई, मुलीच्या पेशी पुन्हा..."

"बाय," त्या मान न वळवता म्हणाल्या, "डोसा खायला कवा बोलावतेस?"

त्यांना माहीत होतं. मंगळवारी मायक्रोस्कोपला डोळा लावला तेव्हाच कळलं असणार. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "ररू नको, बाटल्यांत परेल. टाकीत बग. तिसरा रॅक. शनिवारी जायच्या आदी चार वायली ठेवल्यात. माजा मेलीचा जीव राहत नाय, म्हनून ठेवल्या."

गोठवलेल्या पेशी ठेवायच्या नायट्रोजनच्या टाकीतून रॅक वर ओढला. धूर बसल्यावर वायल दिसली. मुलीचा नंबर, तारीख, ते सुईने कोरल्यासारखं अक्षर. आणि खाली उचलणाऱ्याच्या नावाची अक्षरं. माझ्या नावाची.

मी परत धुण्याच्या खोलीत गेले. "हे काय आहे?"

"तुज्याच हायेत त्या. तू शुकरवारी टरेमदी टाकून गेलीस. मी झाकन उचललं नाय, तशाच परत आत ठेवल्या. दोन दिवसांनी आल्या वर. माज्या तर त्या येलेला आल्याच नाय, मी टाकून दिल्या."

"पण उचलल्या तर तुम्ही! नियमाने तुमचं नाव..."

"मी चालली घरी. मला नाव घेऊन काय करायचं? तुला लई हवं होतं, दिसत होतं."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. "तू इचारलंस कवा? तू नुसती बगत होतीस."

म्हणजे ते दोन आठवडे मी जळत होते ते माझ्याच प्लेटांवर. आणि डोशाचं पीठ घातलं तेही माझ्याच पेशींना.

पुढे सगळं नीट झालं. त्या वायलींपासून मी हृदयाच्या पेशी बनवल्या. एका सकाळी प्लेटमध्ये त्या धडधडल्या, टिक, टिक, मध्येच एक ठोका चुकवत, अगदी मुलीसारख्या. डॉक्टरांनी त्यांच्यावर औषधं तपासली, एक लागू पडलं. मुलगी आता शाळेत धावते. वडील सांदणं घेऊन आले, तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं. वडिलांनी विचारलं, "आणि आमच्या ताई?" मी म्हटलं, "त्या दुसऱ्या डिपार्टमेंटला आहेत." भिंतीपलीकडे बाटल्या वाजत होत्या. आठ महिन्यांनी ताई तिथूनच रिटायर झाल्या. निरोपाच्या समारंभात मी भाषणसुद्धा केलं, चांगलं झालं म्हणाले लोक. पिठाचं त्यात नव्हतं.

याला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात एक नवी मुलगी लागली, करंजाड्याहून येते. मी दारात तिला अडवलं. "काल डोशाचं पीठ वाटलंस का?" विचारताना माझं मलाच हसू आलं.

"हो मॅडम," ती म्हणाली. "सकाळी हातानेच कालवलं. मग मी आज बाहेर बसू का?" आणि बसली. इतकं सोपं. मला त्या पोरीचासुद्धा हेवा वाटला.

मी कपाटातून जुनं बिघाडाचं रजिस्टर काढलं. 'हातांची अस्वच्छता' यावर एक रेघ मारली. ताईंच्या नावावर एक रेघ मारली. वर लिहिलं: कारण, डोशाचं पीठ. पुढच्या रकान्यात माझं नाव, बाजूला सही आणि आजची तारीख. मग रजिस्टर तसंच उघडं सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "एवढ्या वर्षांनी?" मी हो म्हटलं. मेमो मिळाला. तो मिळायलाच हवा होता.

पानाचा फोटो काढून मी ताईंना पाठवला. खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसताच पाठवला. दुपारभर फोन हातात घेऊन बसले होते. संध्याकाळी उत्तर आलं.

"रेघ वाकडी मारलीस."

मी फोटो मोठा करून बघितला. खरंच वाकडी होती.